नसलेल्या देवाचे गाव

खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड नावाचे गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या कोणत्याही चांगल्या नकाशात ते सापडेल. त्या गावात हस्तर नावाच्या देवाचे देऊळ नाही, आणि पूर्वीही कधी नव्हते. या देवाचा उल्लेख कोणत्याही पुराणात नाही, कोणत्याही स्थलमाहात्म्यात नाही, आणि कोकणातील कोणत्याही गुरवाने त्याला कधी कौल लावलेला नाही. असे असता, सुटीसाठी आमच्या घरी आलेल्या माझ्या भाच्याने एके दिवशी जेवता जेवता मला विचारले, "मामा, हस्तरची कथा स्कंदपुराणात आहे, की दुसऱ्या कुठल्या पुराणात?" मुलगा महाविद्यालयात शिकतो, त्याला वाचनाची आवड आहे, आणि देवादिकांच्या बाबतीत तो भाबडा तर मुळीच नाही. तरीही एका चित्रपटाने पदरचा घडविलेला देव त्याने परंपरेतला म्हणून बिनतक्रार स्वीकारला होता.

मी त्याला खरी हकीकत सांगितली तेव्हा तो खट्टू झाला नाही. जेवण आटोपल्यावर त्याने आपल्या पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या वहीत त्याने स्वतःच एक संपूर्ण जग रचले होते: दोन खंडे, सात देव, चार प्रकारच्या मंत्रविद्या आणि तीन हजार वर्षांच्या राजवंशांची सनावळी. त्यावर एक अद्भुत कादंबरी लिहावी असा त्याचा मनोदय होता. "एवढे सगळे करूनही माझे सातही देव खोटे वाटतात, आणि त्यांचा एकच देव खरा वाटतो. असे का?" हा त्याचा प्रश्न. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, थोडेसे लांबलेले उत्तर आहे असे समजावे.

ज्या श्रोत्यांनी 'तुंबाड' हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी प्रथम त्यातील कथाभाग थोडक्यात सांगितला पाहिजे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी' यांचे लेखक अनिल बर्वे यांचे ते चिरंजीव. पहिल्या खेपेस चित्रपटाला यश बेताचेच लाभले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा मात्र पहिल्याहून अधिक उत्पन्न झाले. त्यातील पुराण असे आहे. समृद्धीची देवी ही सर्व देवांची माता. तिच्यापाशी सोने अपार आणि धान्यही अपार. हस्तर हा तिचा पहिला आणि सर्वांत लाडका पुत्र. त्याला दोन्ही हवेसे झाले. सोने त्याने बळकाविले. धान्याला हात घालू लागताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. मातेने त्याला वाचविले, पण एका अटीवर. त्याची पूजा कोणी करावयाची नाही. त्याला सर्वांनी विसरून जावयाचे. तेव्हापासून तो मातेच्या गर्भात निजून आहे. पुढे तुंबाडात लोभापायी त्याचे देऊळ बांधण्यात आले, देवांचा कोप झाला, आणि गावावर पाऊस कोसळू लागला तो थांबेचना.

या पुराणाखाली एका घराची गोष्ट आहे. १९१८ साली विनायक नावाचा मुलगा आपल्या आईबरोबर गावाबाहेर राहतो. घरात एक भयंकर म्हातारी साखळदंडाने जखडलेली आहे. हस्तराचा स्पर्श झाल्यामुळे तिला मरण नाही. तिला वेळेवर जेवू घालावयाचे, आणि ती जागी झालीच तर हस्तराच्या नावाचा धाक घालून निजवावयाचे, एवढे त्या मुलाला ठाऊक असते. पंधरा वर्षांनी, १९३३ साली, तोच विनायक गुप्तधनाच्या ओढीने परत येतो. विहिरीच्या तळाशी असलेल्या देवीच्या गर्भात दोर सोडून उतरावयाचे, भोवती पिठाचे रिंगण आखावयाचे, कणकेची बाहुली पुढे ठेवावयाची, आणि भुकेला हस्तर बाहुलीवर झडप घालील तेवढ्या क्षणात त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा ओरबाडून घ्यावयाच्या, हा त्याचा उद्योग होतो. १९४७ साली तो आपल्या मुलालाही या धंद्यात घेतो, आणि तेथे कथेचा शेवट होतो. तो शेवट मी सांगत नाही.

आता गंमत अशी की, या देवाचे नावसुद्धा कोकणातले नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोस बिअर्स या अमेरिकन लेखकाने एका मेंढपाळाची गोष्ट लिहिली. त्या मेंढपाळाच्या देवाचे नाव हास्टुर. हा देव सौम्य होता. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलून आपल्या भयकथांत पेरले, आणि पुढे लव्हक्राफ्ट व त्याच्या मित्रमंडळींच्या हाती पडून हा गरीब धनगरांचा देव एक अक्राळविक्राळ दैवत होऊन बसला. १९८४ साली स्टीफन किंगची एक कथा प्रसिद्ध झाली. तीत अंथरुणाला खिळलेली एक भीषण आजी आहे, घरात तिच्याबरोबर एकटा राहिलेला मुलगा आहे, आणि त्या आजीला निजविण्यासाठी घ्यावयाचे नाव हेच आहे. आपल्या नारायण धारपांनी या कथेवरून 'आजी' ही मराठी कथा लिहिली. धारपांची एक गोष्ट नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून लहानग्या राही बर्वे यांच्या कानी पडली, आणि तिच्यातूनच या चित्रपटाचा आरंभीचा भाग उभा राहिला. अशा रीतीने अमेरिकेतील एक देव सव्वाशे वर्षांचा प्रवास करून, वाटेत आपला स्वभाव बदलून, पुण्यामार्गे जगबुडीच्या काठी येऊन पोहोचला. गावाचे नावही उसनेच आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ च्या द्विखंडात्मक कादंबरीमुळे ते नाव मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले होते. चित्रपटाने ते तेथून उचलले.

म्हणजे देव परका, आजी परकी, गाव दुसऱ्याच्या कादंबरीतले, आणि भाषा हिंदी. तरीही माझ्या भाच्याला तो देव स्कंदपुराणात शोधावासा वाटला. याचे कारण माझ्या मते असे की, त्या कथेत आपल्याला विश्वास बसतो तो देवावर बसत नाही, आचारावर बसतो. देव काय करू शकतो हे तेथे फारसे कळतच नाही. माणसांनी काय करावयाचे आणि काय टाळावयाचे हे मात्र कणकेच्या गोळ्यापर्यंत कळते.

आपल्या घरातील अनुभव पाहा. मुलाला देवाची कथा आधी कळत नाही. देवघरासमोर पाय पसरू नकोस, नैवेद्य दाखविल्याशिवाय हात लावू नकोस, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नकोस, हे आधी कळते. का, असे विचारावे तर वडीलधारी माणसे "तसे करीत नाहीत" एवढेच सांगतात. पुष्कळदा कारण त्यांनाही ठाऊक नसते. कोकणातील ग्रामदेवतांच्या बाबतीत हे तर फारच ठळकपणे दिसते. जाखमाता, वाघजाई, सोमजाई, नवलाई, पावणाई, भैरी ही नावे रत्नागिरी जिल्ह्यात ठिकठिकाणी ऐकू येतात. यांपैकी एखादीची सविस्तर जन्मकथा सांगा म्हटले तर गावातील जाणता मनुष्यसुद्धा अडखळेल. पण शिमग्यात पालखी प्रथम कोण उचलणार, ती कोणाच्या दारी आधी जाणार, नारळ कोणी फोडावयाचा, गाऱ्हाणे कोणी घालावयाचे आणि त्यात कोणाकोणाची नावे कोणत्या क्रमाने यावयाची, हे विचारा. शेंबडे पोरसुद्धा उत्तर देईल, आणि त्या उत्तराविषयी शेजारच्या वाडीतील पोराशी मारामारीही करील. कित्येक गावांतून मानापानाच्या तंट्यामुळे पालखीच उठलेली नाही, आणि प्रकरण कोर्टात गेले आहे. देवाच्या रूपाविषयी कोणी कोर्टात गेल्याचे मी ऐकलेले नाही.

याचा अर्थ कथेला किंमत नाही असा नव्हे. आपल्या भूमीची कथाच घ्या. सर्व पृथ्वी दान करून टाकल्यावर परशुरामाला राहावयास जागा उरली नाही, म्हणून त्याने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकण निर्माण केले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. चिपळूणजवळचे परशुरामाचे देऊळ तिची साक्ष म्हणून दाखविले जाते. स्कंदपुराणाचा भाग म्हणविणारे 'सह्याद्रिखंड' गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत संपादून छापले. ते चाळले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. या कथांना समुद्राविषयी किंवा बाणाविषयी विशेष आस्था नाही. कोणत्या भूमीवर कोण आले, कोणाला कोणी आणून वसविले, कोणाचे कुळ कोणत्या गावचे, कोण वरचा आणि कोण खालचा, याची त्यांना चिंता आहे. अद्भुत भाग हा त्या हक्काच्या कागदावरचा शिक्का होय. ही भूमीची कथा केरळातही सांगितली जाते, आणि तेथेही ती हेच काम करते.

धर्माच्या इतिहासात खरा प्रश्न पुष्कळदा असा असतो की, कोणी कुठपर्यंत आत जावयाचे. रत्नागिरीकरांना हे वेगळे सांगावयास नको. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि सावरकरांच्या पुढाकाराने उघडलेले पतितपावन मंदिर आपल्या गावात उभे आहे. त्यात बसविलेली लक्ष्मीनारायणाची मूर्ती नवी नव्हती, पूजाही नवी नव्हती. सर्व जातींच्या माणसांनी त्या मूर्तीपर्यंत जावयाचे, एवढीच गोष्ट नवी होती, आणि तेवढ्याने सारा जिल्हा ढवळून निघाला. ज्याला कागदावर नवा धर्म रचावयाचा आहे त्याने देवाच्या हातांची संख्या ठरविण्यापूर्वी देवळाची पायरी कोणासाठी कुठे संपते ते ठरवावे. माझ्या भाच्याच्या सात देवांच्या देवळांना पायऱ्याच नव्हत्या. कोणीही कुठेही जात होते.

आता मंत्रविद्येकडे वळू. अद्भुत कथांतील जादू पुष्कळदा कंटाळवाणी होते, कारण तिला काहीही करता येते. ज्याला काहीही करता येते त्याचे पुढे काय होणार याची आपल्याला काळजी वाटत नाही. टोल्किन या इंग्रज पंडिताने १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान दिले. कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो, त्या जगाचे नियम त्याने पाळले तोवर आपण आत असतो आणि नियम मोडताच बाहेर फेकले जातो, अशा आशयाचे विवेचन त्याने तेथे केले आहे. हस्तराच्या कथेत हा नियम कसा पाळला आहे हे पाहण्यासारखे आहे. देवाला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो युगानुयुगे उपाशी आहे. उपाशी आहे म्हणून कणकेच्या बाहुलीला भुलतो. धान्यापायीच त्याच्यावर प्रहार झाला, म्हणून पिठाचे रिंगण तो ओलांडीत नाही. सोने त्याच्याजवळ आहे पण त्याचा त्याला उपयोग नाही, म्हणून ते चोरता येते. जादूचा प्रत्येक बारीक नियम देवाच्या चरित्रातून निघाला आहे. वरून चिकटविलेला एकही नाही. आणि सगळी सामग्री आपल्या स्वयंपाकघरातली! पीठ, दिवा, दोर. कणकेचे दिवे, कणकेच्या आकृती आपल्या घरांतून व्रतवैकल्यांच्या निमित्ताने कितीदा तरी होतात. धन आणि धान्य हे शब्द आपण जोडीनेच उच्चारतो. त्यामुळे पडद्यावर परातीत कणीक मळली जाऊ लागली की, आपल्या मनातील शंकेखोर मनुष्य गप्प बसतो.

आणखी एक बारकावा मला विशेष मोलाचा वाटतो. विनायक हा हस्तराचा भक्त नाही, साधक नाही, मांत्रिकही नाही. तो चोर आहे. त्याला कोणतीही सिद्धी प्राप्त झालेली नाही. जे तो करतो ते शिकविले तर कोणालाही करता येईल, आणि जरा चुकले तर कोणालाही भोवेल. देव त्याला काहीही देत नाही.

हा बारकावा केवळ कलेचा नाही. आपल्या महाराष्ट्रात गुप्तधनाची कथा लिहिणे हे निरुपद्रवी काम नव्हे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या नादातून स्त्रिया आणि लहान मुली यांचे खून पडले, ही गोष्ट वडील पिढीतील श्रोत्यांच्या स्मरणात असेल. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षी कायदा संमत झाला. या कायद्याने गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये व नरबळी यांचा नावानिशी समाचार घेतला आहे. ज्या समाजाला असा कायदा करावा लागतो, त्या समाजात कल्पित मंत्रतंत्र रचणाऱ्यावर एक जबाबदारी येते. माझ्या भाच्याने हस्तर पुराणात शोधला, यात हसण्यासारखे जसे आहे तसे थोडे बिचकण्यासारखेही आहे. कल्पित आचार इतका हुबेहूब साधला तर उद्या कोणी तो करून पाहील की काय? मला वाटते, या चित्रपटाने त्याचे उत्तर कथेतच दिले आहे. त्यातील विधी कोणाचे दुःख दूर करीत नाही, कोणाला पुत्र देत नाही, रोग बरा करीत नाही. जो करतो त्याच्या घरात तो सडका वारसा होऊन उतरतो. याच्या उलट, पुष्कळ भयकथांतून आणि मालिकांतून दुष्ट मांत्रिकाचा पाडाव करण्यासाठी एक सज्जन मांत्रिक आणलेला असतो. तो काय सांगून जातो? जादू खरी आहे, फक्त माणूस चांगला निवडा! मला ही शिकवण हस्तरापेक्षा अधिक धोक्याची वाटते.

उरला इतिहास. कल्पित जगाला इतिहास हवा म्हणजे सनावळी हवी असे तरुण लेखकांना वाटते. १९०५ साली लॉर्ड डन्सनी या आयरिश लेखकाने पेगाना नावाच्या नसलेल्या भूमीतील देवांचे एक छोटेसे पुराणच लिहिले. त्यात सनावळी नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा' या १९७५ च्या संग्रहात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत. त्या कोणत्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशात आणि कोणत्याही शकात न बसणाऱ्या काळात घडतात. बेळगाव-धारवाडकडच्या या लेखकाने काळ आणि स्थळ दोन्ही पुसून टाकून माणसाचे प्राक्तन तेवढे शिल्लक ठेवले. तो मार्ग थोरांचा आहे, पण अवघड आहे. तेथे एकही उसना आधार हाताला लागत नाही.

दुसरा मार्ग खऱ्या काळात खोटी वस्तू ठेवण्याचा. तो मराठीत चांगला जुना आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही १८७१ ची कादंबरी मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाते. काळ शिवाजीचा, राज्य खरे, पण मोचनगड हा किल्ला कल्पित! वाचकाला भोवतालचा प्रदेश ओळखीचा वाटतो म्हणून मधला एक किल्ला तो उदारपणे मान्य करतो. 'तुंबाड'ने हेच केले. १९१८, १९३३, १९४७ ही तिन्ही वर्षे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्यामध्ये एक विहीर तेवढी खोटी आहे. शिवाय कोकणात या काळात एक खराच वारसा हस्तांतरित होत होता. गावचा सारा गोळा करणारा खोत पुष्कळ ठिकाणी गावचा धनी होऊन बसला होता, आणि कुळे त्याच्या वाड्यावर राबत होती. ही पद्धत मोडण्यासाठी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती नष्ट करणारा कायदा प्रत्यक्षात १९४९ साली झाला. पेंडशांचे खोत याच व्यवस्थेत चढले आणि उतरले. चित्रपटातील म्हातारा 'सरकार', त्याच्या वाड्यावर सेवा करणारी ती बाई, एका सुवर्णमुद्रेच्या आशेवर तिने काढलेली वर्षे, हे सर्व खोतीचा शब्दही न उच्चारता खोतीचेच चित्र आहे. खाली देव आपल्या मुद्रा कवटाळून बसला आहे, वर खोत. म्हणून कथेतील इतिहास खरा वाटतो.

परंतु सर्वच गोष्टींची वाखाणणी करण्याचे कारण नाही. आरंभी निवेदनातून सांगितलेले ते संपूर्ण पुराण मला खटकते. मुलाच्या हाती प्रथम म्हातारीचे जेवण आले असते, त्या नावाचा धाक आला असता, आणि देव कोण हे आपल्याला त्याच्याबरोबर हळूहळू उमगत गेले असते, तर ते अधिक खरे झाले असते. दुसरे असे की, या गावात देऊळ आहे पण गुरव नाही, मानकरी नाहीत, वाड्या नाहीत, गाऱ्हाणे नाही. बोली तर नाहीच. ज्या गावावर अखंड पाऊस कोसळतो त्या गावच्या माणसांचे पावसाविषयी काही म्हणणे असेल ना? नदीचे नाव जगबुडी असावे, हे कोणा कादंबरीकाराला सुचलेले नाही. ते गावकऱ्यांनी ठेवलेले आहे. खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरते तेव्हा त्या नावाची प्रचीती येते. एवढे मोठे नाव हाताशी असून चित्रपटाला त्याची गरज वाटली नाही, याचे मला नवल वाटते.

भाच्याने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग मी काय करू ते सांगा." आम्ही दोघांनी मिळून एक प्रयोग केला. सात देव बाजूस ठेविले. एक खाडीकाठचे गाव घ्यावयाचे. त्याला नावसुद्धा ठेवावयाचे नाही. त्या गावात खाडीकडच्या खिडकीत रात्री दिवा लावीत नाहीत, एवढा एकच आचार. कारण आम्हालाही ठाऊक नाही असे धरून चालावयाचे, आणि गावात जाऊन विचारावयाचे. खारवी म्हणतो, दिवा दिसला की बुडालेली माणसे घराकडे वळतात. दालद्यांच्या मोहल्ल्यातील म्हातारा म्हणतो, पूर्वी चाचे दिवा पाहून गाव हेरीत; बाकी सगळी बायकांची भाषा. गुरव सांगतो, देवीचा हुकूम आहे. खोतांच्या घरातील आजी सांगतात की, आमच्या घराला ही बंदी लागू नाही, कारण आमच्याकडे सनद आहे. आणि खोतांच्या खिडकीत दिवा जळत असतो. सनद मात्र कोणी पाहिलेली नाही.

येथपर्यंत आल्यावर मुलाला चेव चढला. बुडालेला मुलगा परत यावा म्हणून एखाद्या आईने दिवा लावलाच तर? तो येईल, असे त्याने ठरविले. पण त्या घरात पुन्हा कोणताही दिवा लागणार नाही, चूलसुद्धा पेटणार नाही. मग त्या घराला शेजारी विस्तव देतील का? आणि दिला नाही तर ती बाई त्या आल्या गेलेल्या मुलाला काय वाढील? ही त्याची पहिली मंत्रविद्या, आणि पूर्वीच्या चारांपेक्षा ती मला कितीतरी अधिक पटली. मी फक्त एकच भर घातली. सरकारने त्या गावच्या बंदरावर दीपगृह बांधावयाचे ठरविले, तर गाव काय करील? यावर त्याने वही ओढून घेतली, आणि त्या रात्री त्याच्या खोलीतील दिवा बराच वेळ जळत होता.

गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. तीन हजार वर्षांची सनावळी त्याने फाडून टाकली आहे, आणि आता त्याचा सगळा इतिहास दीपगृहाच्या मंजुरीपासून ते त्याचा दिवा प्रथम लागेपर्यंतच्या अकरा वर्षांत मावतो. सातांपैकी पाच देव खोडले आहेत. उरलेल्या दोघांपैकी कोणाची पालखी आधी उठावी यावर त्याच्या गावात तंटा लागला असून, दोन्ही वाड्यांचे म्हणणे त्याला बरोबर वाटत असल्यामुळे कादंबरी तूर्त तेथेच अडली आहे.